वावराची ओटी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

डिंपलने नागपूरहून ही डायरी आणून दिली तेव्हा म्हणाली होती, "आई, डोकं फुटायच्या आधी लिहीत जा." तेव्हा मी हसले होते. आज लिहिल्याशिवाय डोकं जागेवर राहणार नाही.

आज मामाजींची तेरवी झाली. मामाजी म्हणजे माझे सासरे, पुंडलिकराव. सगळं नीट पार पडलं. बुंदी उरली, वांग्याची भाजी पुरली, कोणी रुसलं नाही. पाहुणे गेले आणि घरचेच तेवढे राहिलो, तेव्हा राजूभाऊजींनी विषय काढला. राजू हा ह्यांचा धाकटा भाऊ. म्हणाले, "दादा, आता वावर आपल्या दोघांच्या नावावर चढवून घेऊ. दामिनीची सही अन् ओटी तेवढी उरकून टाकू."

दामिनी ही दोघांची धाकटी बहीण, माझी नणंद. यात नवीन काही नाही. या घराण्यात बाप गेला की पोरी भावांसाठी हक्क सोडतात आणि मग त्यांची वावराची ओटी भरतात. पाटावर बसवायचं, नवी साडी द्यायची, ओटीत तांदूळ-नारळाऐवजी त्याच वावरातला कापूस आणि संत्री घालायची. शेवटी पोरीच्या हातात वावरातलं ढेकूळ देतात आणि ती ते भावाच्या हातात ठेवते. ओटी घरच्या मोठ्या सुनेनेच भरायची. तिने भरली नाही, तर सही झाली तरी ती गोष्ट कोणी पक्की धरत नाही. माझ्या माहेरी, पांढुर्ण्याकडेही हेच चालतं. माझी भरली तेव्हा मी हसत हसत ढेकूळ तुषारच्या हातात ठेवलं होतं. माझा भाऊ तो. "बांधावरचा आंबा मात्र ताईचाच," असं सगळ्यांसमोर म्हणाला होता. दोन वर्षं झाली, आंबे आले नाहीत. मोहोर जळत असेल.

तर दामिनीने बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "मी सही नाही करत, दादा."

राजूभाऊजी म्हणाले, "काहून?"

"काहून म्हंजे? मले वावर पाहिजे माह्या हिश्शाचं. विहिरीजवळच्या संत्र्याच्या कलमा मी अन् बाबानं लावल्या. पानी मी घातलं."

मी हादरलेच. मी लग्न होऊन आले तेव्हा ही पोरगी आठवीत होती. हिच्या वेण्या मी घातल्या, पहिली साडी मी नेसवली. नवरा वीजखात्यात लाइनमन, पांढुर्ण्याला पक्कं घर, फॉल-पिकोचं दुकान जोरात. कशाची कमी आहे? माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "दामिनी, पोरगी परक्या घरची असते. तिच्या नावानं वावर केलं तं उद्या जावई येऊन बांधावर उभा राहीन."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग ताटं उचलत असलेल्या डिंपलकडे पाहिलं. म्हणाली, "हे तुमी बोलून राहिल्या, वैनी?"

मी नाही तर कोण बोलणार? मोठी सून मीच आहे ना!

१२ नोव्हेंबर, बुधवार

सौंसरला वकिलाकडे जाऊन आलो. हे, राजूभाऊजी आणि मी. मला न्यायचं नव्हतं त्यांना, पण मी चपला घालून दारात उभीच राहिले.

वकिलाने जे सांगितलं ते मी आजवर ऐकलंच नव्हतं. म्हणे वीस वर्षांपूर्वीच कायदा बदलला. बापदादांच्या जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासून, अगदी मुलासारखा. लग्न झालं असो की नसो, बाप असो की नसो. "पोरगी जन्मली की हिस्सा लागला समजा," असं म्हणाला. वीस वर्षं! आणि आमच्या बोरगावात कोणाला पत्ता नाही. पत्ता होता तो नेमका दामिनीला.

"म्हणून सगळ्या पोरींच्या सह्या लागतात, नाही तं उद्या लफडं होते," असं म्हणून त्याने ह्यांना विचारलं, "तुमची डिंपल सज्ञान आहे ना?"

हे म्हणाले, "हो, बावीसची."

वकिलाचा मुलगाही लग्नाचा आहे म्हणतात. मी लगेच सांगितलं की डिंपल नागपूरला पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये आहे, स्वयंपाकही येतो. वकील जरा गोंधळला. राजूभाऊजींनी विषय बदलला. हे माझ्या कधी लक्षात येणार, पोरीचं स्थळ असं भर कचेरीत काढायचं नसतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जामसांवलीला दर्शनाला गेलो. शनिवार, त्यामुळे गर्दी खूप. हे हात जोडून इतका वेळ उभे राहिले की मागचे लोक ढकलू लागले. बाहेर आल्यावर नारळ फोडता फोडता म्हणाले, "विजू, मी मेलो तं अग्नी कोन देईन मले?"

माझ्या हातातून प्रसादाची पुडी पडली. मारुतीच्या दारात असं बोलतात का? म्हटलं, "इतकी काय घाई झाली तुमाले?"

"तसं नाही. बाबाले आमी दोघांनं दिली. राजूले अंकुर आहे. माहं काय?"

अंकुर म्हणजे राजूभाऊजींचा मुलगा. चांगला पोरगा आहे, काकाला मानतो. मी म्हटलं, "अंकुर काय परका आहे?"

ह्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मीही तेच म्हनून राहिलो राजूले," असं म्हणाले आणि घरापर्यंत गाणं गुणगुणत आले. मामाजी गेल्यापासून पहिल्यांदा असं झालं. बरं वाटलं मला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कापसाची वेचणी चालू आहे. पाठ मोडली.

आणखी एक चमत्कार. प्रेमलता, म्हणजे माझी जाऊ, गोड बोलायला लागली. मोटारीच्या पाण्यावरून जी बाई माझ्याशी दिवाळीत बोलली नाही, ती आज स्वतः भाकरी घेऊन वावरात आली. डिंपलची चौकशी केली. तिचे फोटो आणि आधारची झेरॉक्स मागितली. पांढुर्णा जिल्हा झाला, आता नोकऱ्या निघतील, राजूभाऊजींची ओळख आहे, म्हणाली. मी चक्रावलेच. तरी दिली. माणसं बदलतात. मरण घरात येऊन गेलं की शहाणपण येत असेल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज बसने पांढुर्ण्याला दामिनीकडे गेले. ह्यांनीच पाठवलं. "तुहं ती ऐकीन," म्हणाले.

ती घरातल्याच दुकानात मशीनवर होती. मला पाहून उठली, पाणी दिलं, पण पाया पडली नाही. मी आधी समजावलं, मग रागावले, मग रडले. खरंच रडू आलं. म्हटलं, "घर फुटून राहिलं, दामिनी. डिंपलचं लग्न करायचं आहे. तिचा बाप झोपत नाही."

"वैनी, डिंपलसाठीच सांगून राहिली, जरा ऐका. मीही एका वकिलाले विचारलं..."

"वकील-फकील नोको सांगू मले!" मी कानावर हातच ठेवले. उठता-बसता कायदा! या घरात मी बावीस-तेवीस वर्षं राबले ते काय कायद्याने?

तिने मशीनमधला दोरा तोडला. मग विचारलं, "ओटी तुमीच भरनार ना?"

"मोठी सून मीच आहे."

"मंग येते मी. माह्या तोंडाकडे पाहून तुमच्यानं भरनं झालं तं भरा." आणि मी निघताना फाटकापर्यंत आली. "त्या दिवशी डिंपलले नोका बोलावू, वैनी. तिले नागपुरातच राहू द्या."

आत्या असून भाचीची लाज वाटते हिला. वाटेलच. डिंपलने पाहायलाच पाहिजे, माहेर कसं राखतात ते.

बसमध्ये बसल्यावर वाटलं, एवढ्या जवळ आलेच आहे तर तुषारकडे जाऊन यावं. फोन केला. वहिनी म्हणाली, ते घरी नाहीत. मागे तुषारचा आवाज येत होता. टीव्ही असेल.

४ डिसेंबर, गुरुवार

प्रेमलतेसोबत सौंसरला साडी घ्यायला गेले. दामिनीसाठी मी मोरपंखी घेतली. तिचा रंग गोरा, तिला खुलतो. प्रेमलतेने आणखी एक काढायला लावली, फिकट गुलाबी. मी विचारलं, ही कोणाला? म्हणाली, "असू द्या ना ताई. डिंपल येऊन राहिली तं पोरीलेही होऊन जाईन."

मी तर थक्क. हिने माझ्या पोरीला आजवर साधा रुमाल दिला नाही. दुकानातच माझे डोळे भरून आले. म्हटलं, प्रेमलता, मी तुला फार बोलले ग आजवर.

येताना राजूभाऊजींचा निरोप आला, विहिरीजवळची दोन ढेकळं आणून ठेवा. एक फुटलं तर दुसरं असावं. बरोबरच आहे. आमची माती भुसभुशीत. मीच जाऊन आणली, संत्र्याखालची. ओल होती अजून. फडक्यात बांधून देवघरात ठेवली आहेत.

७ डिसेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी दामिनी आली. एकटीच. डिंपल कालच आली होती. वकिलाने कागद तयार करून दिले होते, उद्या सोमवारी रजिस्ट्री, आज ओटी, असं ठरलेलं. मी ताट केलं. कापूस, संत्री, हळद-कुंकू, साडी. ताट घेऊन पुढच्या खोलीत आले तर तिथे दोन पाट मांडलेले.

मला वाटलं, चुकून मांडला. म्हटलं, "अंकुर, एक पाट उचल बाबू."

अंकुर जागचा हलला नाही. खाली बघत राहिला.

प्रेमलता म्हणाली, "राहू द्या ताई. डिंपलचीही आताच भरून घेऊ."

मला कळेना. खरंच कळेना. मी म्हटलं, "कुमारिकेची ओटी भरतात का कुठं?"

"शास्तर राहू द्या. वकील म्हनाले, तिचाही हक्क जन्मापासूनचा आहे. मोठ्या भाऊजीच्या मांगं त्यायचा हिस्सा अंकुरलेच येनार ना? अग्नी तोच देनार. मंग पोरीची सही आताच झालेली बरी. पोरगी परक्या घरची असते, ताई. तिच्या नावानं वावर राहिलं तं उद्या जावई येऊन बांधावर उभा राहीन."

माझं वाक्य. शब्दाला शब्द माझं. मामाजींच्या तेरवीला याच खोलीत मी उभी राहून म्हटलं होतं.

कोणी कानफटात मारावी तसं झालं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता हे ओरडतील, प्रेमलतेला गप्प करतील. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. म्हणजे ह्यांना माहीत होतं. वकिलाकडे माहीत होतं, मारुतीच्या दारातही माहीत होतं. फोटो, आधार, गुलाबी साडी, दोन ढेकळं, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. आणि सगळं मीच केलं होतं. ढेकळं मीच खणून आणली, देवघरात ठेवली!

"आहो," मी म्हटलं, "डिंपलचं?"

हे खिडकीतूनच बोलले, "अंकुर काय परका आहे, तूच तं म्हनली."

राजूभाऊजी म्हणाले, "वैनी, रिकाम्या रडारडीत मुहूर्त नोका घालवू. डिंपल, बस बेटा. नुसती सही तं आहे."

डिंपल भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती, रागावलीही नव्हती. माझ्याकडे बघत होती, मी काय सांगते म्हणून. मी "बस" म्हटलं असतं तर ती बसली असती. हे मला आयुष्यभर विसरता येणार नाही. ती बसली असती.

दामिनी मात्र बसली होती, पहिल्या पाटावर. पदर पसरून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. दुकानात ती मला हेच सांगत होती आणि मी कानावर हात ठेवले.

मी ताट घेऊन तिच्यासमोर वाकले. खरंच वाकले, इतक्या वर्षांची सवय. कापूस उचलला. तिचे केस कानामागे जरा पिकले आहेत, ते दिसले. आणि हात पुढे जाईना. ओटीत घालायचं सोडून मी तो कापूस ताटात परत ठेवला.

म्हटलं, "दामिनी, ऊठ."

राजूभाऊजी ओरडले, "काय करून राहिल्या वैनी?"

"ओटी मोठ्या सुनेनं भरायची असते. मी नाही भरत."

"एकीची नाही का दोघीची नाही?" प्रेमलता मधेच बोलली. तिला अजून वाटत होतं की डिंपलपुरती तडजोड करता येईल. आणि खरं सांगू? क्षणभर माझ्याही मनात आलं होतं. दामिनीची भरून टाकावी आणि आपल्या पोरीची वाचवावी. आलं होतं मनात. पण दामिनी अजून पदर पसरूनच बसली होती.

"दोघीची नाही," मी म्हटलं. "डिंपल, आत्याले हात दे."

मग जे व्हायचं ते झालं. राजूभाऊजींनी पाट लाथेने उडवला. प्रेमलतेने मला घरबुडवी म्हटलं. हे उठून वावरात निघून गेले. अंकुरने तेवढे पाट उचलून भिंतीला लावले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मोठीआई, हे मी मांगितलं नोतं."

ढेकळं अजून देवघरात आहेत.

८ डिसेंबर, सोमवार

रजिस्ट्रीला कोणी गेलं नाही. हे जेवले नाहीत. मी वाढलं, झाकून ठेवलं. शेवटी तेच बोलले, "माह्या मढ्याले कोन हात लावीन आता?" इतक्या केविलवाण्या आवाजात की माझा राग अर्धा पळाला. हा माणूस लबाड नाही. घाबरला आहे. पण घाबरून पोरीलाच विकायचं का? तसं म्हटलंही मी. ते म्हणाले, "विकली कुठं? नुसती सही." मीही परवापर्यंत हेच म्हणत होते.

११ डिसेंबर, गुरुवार

दामिनी आणि डिंपल, दोघींनी सौंसरच्या तहसिलीत आपत्ती लावली. आपत्ती म्हणजे हरकत, आमच्याकडे हिंदीतच म्हणतात. आम्हाला विचारल्याशिवाय नावं चढवू नका, आमचाही हिस्सा धरा, असं लिहून दिलं. मी सोबत गेले. निघताना ह्यांना सांगितलं. "जा" म्हणाले नाहीत, "नोको जाऊ" असंही म्हणाले नाहीत. पाठ फिरवून गोठ्यात गेले.

तिथल्या बाबूने, म्हणजे कारकुनाने, दोघींचे कागद पाहिले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "और आप? आपका हिस्सा?"

मी मनातल्या मनात मोजलं. सासरची जमीन सासऱ्यांची, आता ह्यांची, राजूभाऊजींची, दामिनीची, डिंपलची. माहेरची तुषारची. पंचेचाळीस वर्षांची झाले, दोन्हीकडे राबले, आणि असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

"मेरा हो गया," मी म्हटलं.

त्याला काही समजलं नसावं. "तो गवाह में कर दीजिए," म्हणाला आणि बोट ठेवून जागा दाखवली. मी साक्षीदाराची सही केली. आडनाव जरा वाकडं आलं.

दामिनी पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसली. खिडकीतून म्हणाली, "वैनी, काही झालं तं सरळ माह्याकडे यायचं." आम्ही मायलेकी बोरगावच्या गाडीत बसलो. वाटेत तुषारचा फोन आला. त्याच्यापर्यंत बातमी पोचली होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "ताई, तुह्या डोक्यात आता नवीन काही नोको येऊ देऊ. अन् त्या आंब्याचं म्हनशीन तं तो मागंच तोडला. सावली पडून राहिली होती कपाशीवर."

मी फोन ठेवला. डिंपलने सगळं ऐकलं होतं. ती खिडकीतून संत्र्याच्या बागा बघत होती. मग म्हणाली, "आई, मामाकडे तुही ओटी भरली तेव्हा तुले कोनीच थांबवलं नाही?"

मी आठवून पाहिलं. ती खोली, तो पाट, मांडीवरची संत्री, सगळ्या बायका, सगळ्यांचे चेहरे.

"नाही," म्हटलं. "सगळे हसून राहिले होते. मीही."